चाळीस मोगऱ्या

“…आणि त्या झेलालच्या कमरेला छिन्नी आहे बघ. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. पहिल्याच लढाईत तो ती लाबानच्या मानेत—”

एवढंच अरिशातच्या कानावर पडलं. बोलणारे दोघं वैरणीच्या गाडीवर उंच बसले होते. गाडी तटाच्या दरवाजातून आत वळली आणि उरलेलं वाक्य गाडीबरोबर निघून गेलं. अरिशात हातातला लाकडाचा ठोकळा तसाच धरून चार पावलं मागे धावली.

“अहो, मानेत काय?” तिने ओरडून विचारलं.

चाकांच्या खडखडाटात कोणाला ऐकू जाणार? ती रस्त्याच्या मधोमध तशीच उभी राहिली.

आता ही अरिशात कोण, ते सांगायला हवं. फार जुन्या काळी आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर कार्थेज नावाचं व्यापाऱ्यांचं एक शहर होतं. शहराचा तट इतका रुंद होता की त्याच्या पोटातच फौजेचं बिऱ्हाड होतं. खाली हत्ती, वर घोडे, त्याच्याही वर शिपाई. या तटाला चिकटून एक गल्ली होती आणि त्या गल्लीत अरिशात नावाची एक विधवा बाई लाकडाचं काम करायची. भाल्यांचे दांडे, ढालींच्या मुठी, तंबूच्या खुंट्या, जे फौजेला लागेल ते. प्रत्येक वस्तूवर ती तापलेल्या सळईने एक लहानसा मासा उमटवायची. नवऱ्याच्या वेळेपासूनची ती घरची खूण होती.

बाई मनाने मोठी. गल्लीत कोणी आजारी पडलं की पहिला काढा हिच्या घरून जायचा. पण काढा घेऊन गेली की आजाऱ्याच्या घरात कोण आलं, कोण गेलं, सून का रुसली, सगळं विचारून मगच भांडं परत आणायची. न विचारता राहवायचंच नाही तिला.

लाबान हा तिचा शेजारी. लाबान म्हणजे हत्ती. तिच्या अंगणाच्या भिंतीपलीकडेच हत्तींचं आवार होतं. रोज सकाळी भिंतीवरून एक सोंड आत यायची आणि अरिशात तिच्यात भाकरीचा शिळा तुकडा नाहीतर चार अंजिरं ठेवायची. मागोमाग भिंतीवर एक डोकं दिसायचं. ते झेलालचं, लाबानच्या माहुताचं. हा वाळवंटाच्या बाजूचा गडी. बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. पण हत्तीच्या कानामागे खाजवत तासन्‌तास बसायचा.

“मावशी, लाडावून ठेवलाय तुम्ही याला,” तो म्हणायचा.

“तुला बायको नाही, पोर नाही. कोणीतरी लाडावायला नको का तुमच्या घरात?” ही म्हणायची.

तर असा हा झेलाल. आणि त्याच्या कमरेला छिन्नी? लाबानच्या मानेत?

अरिशात घरी न जाता थेट समोरच्या बतनोअमकडे गेली. बतनोअम मासे वाळवून विकायची. दोघींची तीस वर्षांची मैत्री होती आणि तीस वर्षांचं भांडणही होतं.

“ऐकलंस का?” अरिशात म्हणाली आणि ऐकलेलं सगळं सांगितलं. सगळं म्हणजे तेवढं अर्धंच.

“अगं बाई! म्हणजे मारणार तो लाबानला?”

“दुसरं काय? मानेत छिन्नी घालायची ती काय कान कोरायला?”

“पण का गं? स्वतःचा हत्ती!”

आता ‘का’ ते अरिशातला माहीत नव्हतं. पण बतनोअमपुढे माहीत नाही म्हणायचं म्हणजे फारच झालं. तिने क्षणभर विचार केला आणि हळूच म्हणाली, “फितवलं असणार. समुद्रापलीकडच्या शत्रूंनी.”

बोलली आणि तिच्या स्वतःच्याच अंगावर काटा आला. एकदा तोंडातून गेलं की माणसाला आपलंच बोलणं खरं वाटायला लागतं.

दुसऱ्या दिवशी तिने झेलालला नीट न्याहाळलं. तो अंजीर उचलायला वाकला आणि कमरेचं उपरणं बाजूला सरकलं. छिन्नी होती! एक वीत लांब, लोखंडी, धार लावलेली. झेलालने झटकन उपरणं ओढून घेतलं.

“काय रे ते कमरेला?”

“काही नाही मावशी. सरकारी सामान.”

“कशाला लागतं?”

तो हत्तीकडे बघत राहिला. ज्याला रोज भाकरी दिली, तो हा माणूस? आणखी एकदा विचारलं असतं, आत बोलावून पाणी देऊन विचारलं असतं, तर कदाचित त्याने सांगितलंही असतं. पण अरिशातचं मन भरलं होतं. भरलेल्या मनाला उत्तर कुठे हवं असतं?

त्याच दिवशी तिला भाल्यांचे दांडे द्यायला तटाबाहेरच्या छावणीवर जायचं होतं. मोहीम दोन दिवसांवर आली होती. या शहराची एक तऱ्हाच होती. शहरातले लोक व्यापार करायचे आणि लढायला माणसं बाहेरून आणायचे. बड्या घरच्या तरुणांची एक पांढऱ्या ढालींची तुकडी होती म्हणा. दिसायला देखणी. मिरवणुकीत पुढे आणि मोहिमेत बहुतेक वेळा घरी. बाकी सगळी फौज दहा देशांची.

छावणीत शिरलं की अरिशातचे डोळे दोन्हीकडे भिरभिरायचे. इकडे लिबियाचे भालाईत, जाड तागाची चिलखतं घातलेले, ओळीत खांबासारखे उभे. तिकडे नुमिदियाचे घोडेस्वार, घोड्याला ना लगाम ना खोगीर. नुसती गळ्यात दोरी आणि स्वाराच्या हातात काठी. जांभळ्या काठाचे पांढरे सदरे घातलेले इबेरियाचे शिपाई, त्यांच्या तलवारी विळ्यासारख्या बाकदार. गॉल लोक तर उघडेच, लांबच लांब तलवारी आणि त्याहून लांब मिशा. आणि बेटांवरून आलेले गोफणवाले! एक गोफण डोक्याला गुंडाळलेली, एक कमरेला, एक हातात. लहानपणी यांची आई भाकरी म्हणे खांबावर ठेवते आणि गोफणीने पाडली तरच खायला देते. हे ऐकलं तेव्हा अरिशातने कानावर हात ठेवले होते.

या सगळ्यांत एकाची भाषा दुसऱ्याला येत नसे. सरदाराने हुकूम दिला की तो दुभाष्यांच्या तोंडून पायऱ्या उतरल्यासारखा एकेका गोटात जायचा. सगळ्या छावणीला कळणारा शब्द एकच होता: “मारा!” तेवढा मात्र सगळ्यांनी एकमेकांकडून शिकून घेतला होता.

भालाइतांचा नायक उझाल हा अरिशातच्या ओळखीचा. दांडे मोजून घेताना तो म्हणाला, “यंदा आमची रांग लाबानच्या शेजारी लागलीय. तुमचा शेजारी तो आमचा शेजारी, बाई.”

अरिशातला राहवलं नाही.

“तुला म्हणून सांगते,” ती म्हणाली. “कोणाला बोलू नकोस हो.”

आणि तिने सांगितलं. छिन्नीचं सांगितलं, मानेचं सांगितलं आणि फितुरीचंही सांगितलं. फितुरीचं ते आपलं स्वतःचं आहे, गाडीवरून आलेलं नाही, हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

उझाल दांडे मोजायचं विसरला. त्याने ते आपल्या दुभाष्याला सांगितलं. त्या दुभाष्याने शेजारच्या गोटातल्या दुभाष्याला. हुकूम जायचे त्याच पायऱ्यांनी ती गोष्ट उतरत गेली आणि प्रत्येक पायरीवर वाढत गेली. इबेरियाच्या लोकांना कळलं की एक नाही, सगळेच माहूत फितूर आहेत. गोफणवाल्यांना कळलं की हत्तींच्या पाण्यात काहीतरी कालवलंय. गॉलांपर्यंत पोचली तेव्हा बातमी अशी होती की उद्या पहाटे सगळे हत्ती त्यांच्याच तंबूंवर सोडणार आहेत.

दुपारी बतनोअम धापा टाकत आली. “अरिशात, ऐकलंस का? गॉलांना हत्तीच्या पायाखाली देणार आहेत म्हणे!”

“कोण म्हणालं?” अरिशात दचकून ओरडली. सकाळी आपणच घराबाहेर सोडलेली गोष्ट दुपारी दारात येऊन उभी होती आणि तिला ती ओळखूसुद्धा आली नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडून गलका ऐकू आला. मग लाबानची किंकाळी. हत्ती असा ओरडलेला तिने कधी ऐकला नव्हता.

दोघी धावत आवारात गेल्या. पाहतात तर काय! आवार माणसांनी गच्च भरलेलं. मधोमध लाबान आणि त्याच्या पायाशी झेलाल. तो हत्तीचे पाय धुत बसला होता, तसाच गाठला होता त्याला. कपाळावर गोफणीचा दगड लागून रक्त वाहत होतं. लाबानने सोंड त्याच्याभोवती टाकली होती. गोफणवाल्यांनी डोक्याच्या गोफणी सोडून हातात घेतल्या होत्या. आणि दहा देशांची माणसं दहा तऱ्हांनी एकच शब्द ओरडत होती.

“मारा! मारा!”

अरिशात जागीच थांबली. हे आपण केलं? आपल्या चार वाक्यांनी?

गर्दी बाजूला झाली. सरदार हिमिल्क आला. त्या शहरात एका मोहिमेला एक अंगठी घालायची चाल होती. हिमिल्कच्या बोटांत पाच होत्या. त्याने हात वर केला तशी गर्दी गप्प झाली.

“झडती घ्या,” तो म्हणाला.

झेलालचं उपरणं ओढलं. छिन्नी निघाली. तिच्या मागून एक आखूड दांड्याची लाकडी हातोडी निघाली, सुतार ठोकायला वापरतात तशी मोगरी. गर्दीतून एक हुंकार उठला.

“हे कशासाठी?” हिमिल्कने विचारलं.

झेलालने मान वर करून सरदाराकडे पाहिलं.

“तुम्हीच सांगा, सरदार,” तो म्हणाला.

हिमिल्कने एक अंगठी बोटात फिरवली. मग म्हणाला, “मला ठाऊक नाही.”

झेलालने डोळे मिटले. बाकीचे माहूत भिंतीला टेकून उभे होते, एकानेही तोंड उघडलं नाही. हिमिल्कने ती मोगरी किळस आल्यासारखी जमिनीवर टाकली. ती गडगडत आली आणि अरिशातच्या पायाशी थांबली.

अरिशातने ती उचलली. सहज म्हणून उलटी केली. दांड्याच्या टोकाला एक लहानसा मासा होता.

मासा तिचा होता. मोगरी तिची होती. गेल्या हिवाळ्यात हाच हिमिल्क तिच्या दारात आला होता, स्वतः आला होता. “ऑलिव्हच्या लाकडाच्या मोगऱ्या हव्यात. दांडा एक वीत. डोकं जड. एका घावात काम झालं पाहिजे. चाळीस कर.” कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाला, “तंबूच्या खुंट्या ठोकायला.” आता खुंट्या ठोकायला एक वीत दांडा कोण घेतं? गुडघे टेकून बसावं लागेल. हे तिला तेव्हाच सुचलं होतं. पण काम मोठं होतं, सरदार दारात उभा होता, गल्लीतले लोक बघत होते. सगळ्या जगाला प्रश्न विचारणारी बाई त्या दिवशी तेवढी गप्प बसली होती.

चाळीस मोगऱ्या. तटात हत्ती किती? तिला आजवर मोजायची गरजच पडली नव्हती. रोज तर पाहत होती. चाळीस.

बतनोअमनेही मासा पाहिला. तिने अरिशातचा दंड घट्ट धरला. “गप्प बस,” ती कानात पुटपुटली. “पदराखाली घाल ती. फौजेचं काम जाईल तुझं. तुलाच धरतील.”

हिमिल्कही तिच्याकडेच बघत होता. नजरेने तो तेच सांगत होता जे बतनोअम तोंडाने सांगत होती. गोफणीत दगड बसत होते. दोन क्षणांचा प्रश्न होता. गप्प राहिली असती तर कोणाला कधी कळलं नसतं.

अरिशातने दंड सोडवून घेतला आणि पुढे झाली.

“सरदार,” ती म्हणाली. आवाज मोठा होता. “तंबूच्या खुंट्यांची मोगरी ना ही? मग माहुताकडे कशी आली?”

“बाई, मागे हो.”

“मागेच होते इतके दिवस. ही माझी मोगरी आहे. हा मासा माझा. मी अशा चाळीस केल्या, याच माणसाने करायला सांगितल्या.” ती माहुतांकडे वळली. “बाबांनो, तुमची उपरणी सोडा.”

कोणी हललं नाही.

“सोडा रे! तो मरेल तिथे!”

सगळ्यात म्हातारा माहूत पुढे आला. त्याने उपरणं सोडलं. छिन्नी आणि मोगरी. मग दुसऱ्याने सोडलं. मग तिसऱ्याने. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उपरणी सुटत गेली आणि प्रत्येकाच्या कमरेला तेच लोखंड, तेच लाकूड, तोच मासा.

“आणि आणखी एक,” अरिशात म्हणाली. आता ती रडत होती. “हा फितूर आहे, असं पहिल्यांदा मी बोलले. मला काडीचं ठाऊक नव्हतं. अर्धं ऐकलं आणि अर्धं पदरचं घातलं. दगड मारायचा तर मला मारा.”

दुभाषे बोलू लागले. एक-एक गोट गप्प होत गेला. आधी लिबियाचे, मग इबेरियाचे, मग गोफणवाले. सगळ्यात शेवटी गॉलांना कळलं आणि मग आवारात हत्तींच्या कानांची फडफड तेवढी ऐकू येऊ लागली.

झेलाल उठून उभा राहिला. आता लपवायला काही उरलं नव्हतं.

“आम्हाला शपथ घातली होती, कोणाला सांगायचं नाही,” तो म्हणाला. “लढाईत हत्तीला वर्मी लागलं की तो बिथरतो. बिथरला की त्याला आपलं-परकं कळत नाही. मागे फिरतो आणि आपल्याच रांगांत शिरतो. मग माहुताने त्याच्या मानेवर, कानांच्या मध्ये, डोकं जिथे मानेला जोडलंय तिथे छिन्नी धरायची आणि एक घाव घालायचा. शहराचा हुकूम आहे. तुम्हाला हे कळलं असतं तर तुम्ही हत्तीशेजारी उभे राहिला असतात का? म्हणून शपथ.”

उझाल पुढे आला. त्याच्या हातात दगड होता. तो आपल्याच हाताकडे पाहत राहिला.

“म्हणजे हे आमच्यासाठी होतं?”

“लाबानच्या शेजारी तुम्हीच असता ना,” झेलाल म्हणाला.

उझालच्या हातातून दगड गळून पडला. गोफणवाले गोफणी पुन्हा डोक्याला गुंडाळू लागले. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. हिमिल्क अंगठ्यांचा हात पाठीमागे धरून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरून सोंड आली तेव्हा अरिशात तिथेच उभी होती. सबंध रात्र तिथेच असावी, असं तिच्या डोळ्यांवरून वाटत होतं. भिंतीवर झेलालचं डोकं दिसलं. कपाळाला पट्टी होती.

“झेलाल, माझं चुकलं रे.”

“मोगरी द्या मावशी. काल तुमच्याकडेच राहिली.”

तिने ती पदरात घट्ट धरली होती. “नाही देणार. चुलीत घालते.”

“घाला. पण मग तो बिथरला तर उझालची माणसं चिरडतील. तीनशे आहेत.”

मोगरी द्यावी तर हत्ती जातो, न द्यावी तर माणसं जातात. तिने हात लांब करून मोगरी भिंतीवर ठेवली. आयुष्यात इतकं जड लाकूड तिने कधी उचललं नव्हतं.

“तुझ्याच्याने होईल का रे हे?” तिने विचारलं.

झेलालने हात मागे नेऊन लाबानच्या कानामागे, मानेच्या त्या खळग्यात खाजवायला सुरुवात केली. हत्तीने डोळे मिटले आणि तो जागच्या जागी स्तब्ध झाला.

“हीच ती जागा,” झेलाल म्हणाला. “रोज इथेच खाजवतो. म्हणजे त्या दिवशी हात लागला तर घाबरायचा नाही. हलायचा नाही. एका घावात होईल.”

सहा वर्षं अरिशात हे लाड पाहत होती.

फौज गेली. फौजेचं काम अरिशातकडून दुसऱ्या कोणाकडे गेलं, बतनोअम म्हणाली होती तसंच. आता ती पाळण्याचे पाय आणि पोळपाट करायची. पण एक सवय तिने लावून घेतली. कोणी काही करायला सांगितलं की लाकडाला हात लावायच्या आधी विचारायची, “कशासाठी?” आणि उत्तर पटेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारायची.

“अगं, साधं लाटणं मागितलं मी!” बतनोअम वैतागून म्हणायची.

“हो, पण कशासाठी?”

“तुझ्या डोक्यात घालायला!”

शिशिरात फौज परतली. अरिशात दरवाजापाशी जाऊन उभी राहिली. गेले होते चाळीस हत्ती. तिने मोजले, सव्वीस परत आले. त्यांच्या मागून चौदा माहूत पायी चालत होते. दरवाजातून आत येताना त्यातला एकेक जण तिच्याजवळ थांबला आणि आपली मोगरी तिच्या पायाशी ठेवून पुढे गेला. काही मोगऱ्यांचं तोंड गुळगुळीत होतं. त्यांचे हत्ती शत्रूने मारले होते. नऊ मोगऱ्यांच्या तोंडावर मात्र एकेक खळगा होता. एकच. छिन्नीच्या डोक्याएवढा.

अरिशातने त्या चौदा चेहऱ्यांत झेलालला शोधलं. तो नव्हता. मोजताना सव्वीस हत्तींवर कोण बसलंय, हे पाहायची हिंमत तिने केली नव्हती.

तेवढ्यात तिच्या खांद्यावरून एक सोंड आली आणि पदर चाचपू लागली.

“भाकरी आणली नाही वाटतं मावशीने,” वरून आवाज आला.

अरिशातने वर पाहिलं. लाबानच्या सोंडेवर भाल्याचा मोठा व्रण होता. मानेवर, कानांच्या मध्ये, त्याच खळग्यात दुसरा एक लहान व्रण होता, नखभर खोल.

“हे काय रे?” तिने विचारलं.

“पहिल्याच लढाईत भाला लागला याला,” झेलाल म्हणाला. “बिथरला. उझालच्या रांगेकडे वळला. मी छिन्नी काढली. मानेत टेकवली, टोक आतही गेलं थोडं. आणि मोगरी उचलली.”

“मग?”

“जागा शोधायला हात ठेवला होता ना मी, रोजचा. तो थांबला, मावशी. भर लढाईत डोळे मिटून उभा राहिला. मग मीही थांबलो.”

शेजारून उझाल आपल्या माणसांना घेऊन चालला होता. त्याने लाबानच्या पायाला जाता जाता हात लावला.

झेलालने वरून मोगरी खाली दिली. अरिशातने तिच्या तोंडावरून बोट फिरवलं. लाकूड तिने कातलं होतं तसंच गुळगुळीत होतं.

म्हणजे वैरणीच्या गाडीवरचा तो माणूस खोटं बोलला नव्हता. छिन्नी होती. पहिलीच लढाई होती. मान लाबानचीच होती. पुढचं तेवढं तसं नव्हतं. अरिशातने गुळगुळीत मोगरी त्या नऊ मोगऱ्यांच्या शेजारी ठेवली, एकेक खळगा पुन्हा पाहिला आणि लाबानसाठी भाकरी आणायला घराकडे वळली.

तात्पर्य: अर्धवट ऐकलेली गोष्ट पदरचं घालून पुरी करू नये. तिचा उरलेला भाग शोधायला निघावं, आणि तो आपल्याच घरात सापडला तर चारचौघांत पुढे होऊन तसं सांगावं.